सोसणे आणि अर्पिणे

दुखण्यात मनुष्यास दोन गोष्टी हव्या असतात. एक उपाय व दुसरा अर्थ. उपाय वैद्याने सांगावा आणि अर्थ धर्माने सांगावा, ही वाटणी फार जुनी आहे व सामान्यतः ती बरी चालते. पण एखाद्या घरी एकाच वेळी तीन माणसे अंथरूण धरतात, आणि इतर दोघांची शुश्रूषा जिने करावयाची तीच तिसरी असते, तेव्हा या वाटणीची खरी परीक्षा होते. उपाय अपुरा पडतो आणि अर्थ सांगणारे मात्र पुष्कळ भेटतात. अशा वेळी धर्माने दिलेला अर्थ हा आधार ठरतो की अंगावरचे आणखी एक ओझे ठरतो, हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. तो आमच्या वाट्यास आला तेव्हा जो विचार करणे भाग पडले, तो वाचकांपुढे ठेवण्याचा येथे हेतू आहे.

आम्ही वसईकडील एका कॅथलिक घरची सून. काही वर्षांपूर्वीच्या आषाढात आम्हांस तिसऱ्या खेपेचे दिवस गेले होते. पहिल्या दोन्ही खेपांस ओकाऱ्या झाल्या होत्या. परंतु या वेळी पाण्याचा घोटही पोटात ठरेना. दिवसातून बारा-पंधरा वेळा उलटी होई. फोडणीचा, सुक्या बोंबलाचा, फार काय, पावसाने ओल्या झालेल्या भिंतीचा वासही सोसत नसे. त्याच सुमारास सासूबाई अर्धांगवायूने खाटेस खिळल्या होत्या आणि चार वर्षांच्या धाकट्या मुलास विषमज्वर झाला. यजमान पहाटेच्या गाडीने मुंबईस कामावर जात ते रात्री परतत. मुलाच्या कपाळावरील पट्टी बदलावी, तो सासूबाईंची हाक यावी. त्यांचे अंथरूण बदलावयास जावे, तो पोटात ढवळून मोरीकडे धावावे. आणि मोरीत बसल्या बसल्या मुलाचे रडणे ऐकावे, असा तो क्रम होता. एके दिवशी सासूबाई दोन तास ओल्या अंथरुणात पडून राहिल्या, कारण आम्हांस मोरीच्या उंबऱ्यावरून उठवेना. त्या दोन तासांची आठवण हेच या लेखाचे खरे कारण होय.

समाचारास येणारांची वाण नव्हती, आणि बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य असे: "देवाला अर्पण कर, बाई." हे वाक्य आमच्या समाजात पिढ्यान्पिढ्या चालत आलेले आहे. ख्रिस्ताने क्रूसावर भोगलेल्या यातनांशी आपले दुःख जोडावे आणि ते दुसऱ्या कोणाच्या तरी कल्याणासाठी देवास वाहावे, असा त्याचा भावार्थ. संत पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात या विचाराचे मूळ सापडते. ज्यांच्या घरी 'कृष्णार्पणमस्तु' म्हणण्याची चाल आहे त्यांस ही कल्पना अगदीच परकी वाटणार नाही. फरक इतकाच की तेथे मनुष्य आपले कर्म वाहतो, येथे तो आपले दुःख वाहतो.

या कल्पनेत सामर्थ्य आहे, हे आम्ही अनुभवाने सांगतो. मध्यरात्री जपमाळ हातात धरली तरी तिचे दहा मणी ओढण्याइतके भान राहत नसे. परंतु 'हे सारे पोराचा ताप उतरावा म्हणून' एवढे मनात आणले की तोच त्रास काहीसा निराळा वाटे. निरर्थक वेदना आणि सार्थ वेदना यांत शरीराच्या दृष्टीने भेद नसेल, पण मनाच्या दृष्टीने तो जमीन-अस्मानाचा आहे. तेव्हा ही कल्पना टाकून द्यावी असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आमची अडचण दुसरीच होती. ज्या मावससासूबाईंनी हे वाक्य प्रथम उच्चारले त्या मनाने कठोर नव्हत्या. त्यांची स्वतःची पाच बाळंतपणे याच एका वाक्यावर निभावली होती. त्यांना जे मिळाले तेच त्यांनी पुढे दिले. पण वाक्य देऊन त्या संध्याकाळच्या एसटीने घरी गेल्या, आणि सासूबाईंचे अंथरूण बदलावयाचे ते राहिलेच.

येथे या दुखण्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. आपल्या भाषेत 'डोहाळे' हा शब्द मोठ्या कौतुकाचा आहे. सुश्रुताने गर्भिणीस 'दौहृदिनी' म्हणजे दोन हृदयांची म्हटले असून तिच्या इच्छा डावलू नयेत असे बजावले आहे. कालिदासाने रघुवंशात सुदक्षिणा राणीस माती खाण्याचे डोहाळे लाविले आहेत. परंतु या कौतुकाखाली दुखणे झाकले जाते. शंभर गर्भवतींपैकी ७० ते ८० जणींस मळमळ किंवा उलटी होते आणि बहुतेकींची चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत ओसरते. परंतु शंभरांत एखाद-दुसरीचे शरीर त्यामुळे सुकत जाते, वजन झपाट्याने घटते आणि तिला सलाईन लावावे लागते. 'जेन एअर' या कादंबरीची लेखिका शार्लट ब्रॉन्टे १८५५ साली गरोदरपणी अशाच ओकाऱ्यांनी खंगून वारली, असे अनेक अभ्यासक मानतात.

विसाव्या शतकात कित्येक डॉक्टरांनी हे दुखणे मनाचे ठरविले. जिला मूल नकोसे असते तिचे मन ते उलटीच्या रूपाने बाहेर टाकू पाहते, असा तो तर्क होता. पुढे १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड विक्रीस आले. ते गर्भवतींस मळमळीवर दिले जाऊ लागले, आणि १९६१ च्या अखेरीस तेथील बाजारातून काढून घेतले जाईपर्यंत अनेक देशांत मिळून दहा हजारांहून अधिक मुले त्यापायी व्यंग घेऊन जन्मास आली. तेव्हापासून गरोदरपणी औषध घेणाऱ्या आईकडे संशयाने पाहण्याची वृत्ती बळावली. अनेक वर्षांच्या वापराने निर्धोक ठरलेली औषधेही ती भीत भीत घेते. २०२३ च्या डिसेंबरात 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात आलेल्या संशोधनाने मात्र एक महत्त्वाचा उलगडा केला. जीडीएफ-१५ नावाचे एक प्रथिन गर्भाकडून आईच्या रक्तात येते, आणि ज्या स्त्रीच्या शरीरास गरोदरपणापूर्वी त्याची सवय कमी असते तिला त्याचा त्रास अधिक होतो. म्हणजे जिच्या मनाची वा श्रद्धेची उणीव काढण्यात आली, तिच्या रक्तात एक प्रथिन वाढले होते, इतकेच!

आता धर्म काय सांगतो ते पाहू. लोकांच्या बोलण्यावरून धर्माची परीक्षा करणे न्याय्य नव्हे. म्हणून जरा बरे वाटल्यावर आम्ही मूळ वचनेच चाळली. रविवारची मिस्सा चुकली म्हणून आम्ही अंतरी झुरत होतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात मिस्सेतून सुटीची उदाहरणे दिली आहेत ती नेमकी दोन, आजारपण आणि तान्ह्या मुलांचा सांभाळ. उपवासकाळातील उपवासातून गर्भवतीस व अंगावर पाजणाऱ्या आईस मोकळे ठेवण्याची परंपराही जुनी आहे. पोप पायस बारावे यांनी १९५६ साली बाळंतपणाच्या वेदना कमी करण्याच्या उपायांस धर्माची आडकाठी नाही असा निर्वाळा दिला, आणि १९५७ साली वेदनाशामक औषधांविषयीही तसेच सांगितले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी दुःखाच्या तारक अर्थावर एक दीर्घ पत्र काढले. 'अर्पण कर' म्हणणारे त्याच पत्राकडे बोट दाखवतात. परंतु त्याचा शेवट होतो तो वाटेवर जखमी पडलेल्या प्रवाशास उचलून घेणाऱ्या शमरोनी मनुष्याच्या दाखल्याच्या विवेचनाने. आपल्या दुःखाने दुसऱ्याचे भले करावे आणि दुःखितांचे भले करावे, अशी दुहेरी शिकवण त्यात आहे. पहिला भाग दुःख भोगणाऱ्यासाठी आहे, दुसरा ते पाहणाऱ्यासाठी. आमच्या घरी समाचारास आलेली माणसे आम्हांस आमचा भाग वाचून दाखवीत होती आणि आपला भाग वाचावयाचे विसरत होती.

संत जिआना बेरेत्ता मोल्ला यांचे नावही अशा वेळी पुढे केले जाते. इटलीतील या डॉक्टर बाईंस १९६१ साली गरोदरपणी गर्भाशयात गाठ आढळली. मुलास जपून त्यांनी पुढील महिने काढले आणि १९६२ च्या एप्रिलात मुलगी जन्मल्यावर आठवड्याने त्या वारल्या. २००४ साली त्यांस संतपद मिळाले. त्यांचा त्याग थोरच आहे. परंतु सांगणारे एक गोष्ट गाळतात. त्यांनी दुखणे अंगावर काढले नाही. मुलाच्या जिवास धोका न येईल अशी शस्त्रक्रिया त्यांनी करवून घेतली. आणि त्याहून महत्त्वाचे हे, की तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता. तो दुसऱ्या कोणी त्यांच्या वतीने केला असता, तर त्याला त्याग म्हणता आले नसते.

आमच्या मते या प्रश्नाचे मर्म येथेच आहे. दान ज्याचे त्यानेच करावयाचे असते. दुसऱ्याच्या वस्तूवर उदार होण्यास आपल्याकडे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात. दुसऱ्याचे दुःख देवास अर्पण करण्याचा सल्ला देऊन आपण हात झटकणे हा त्याचाच एक प्रकार नव्हे काय? जे वाक्य दुःखिताच्या ओठी प्रार्थना होते, तेच निरोगी मनुष्याच्या ओठी पळवाट होऊ शकते.

त्या दोन तासांचा हिशेबही याच रीतीने लागतो. अशक्य गोष्टीचे कर्तव्य कोणावर नसते, हे नीतिशास्त्राचे जुने सूत्र आहे. त्या दृष्टीने आम्ही दोषी नव्हतो. परंतु एवढ्याने समाधान होत नाही, कारण सासूबाईंचे अंथरूण तर ओलेच होते. एकीस कर्तव्य अशक्य झाले म्हणून ते नाहीसे होत नाही. ज्यास ते शक्य आहे अशा जवळच्या माणसाकडे ते चालत जाते. त्याने दार उघडले नाही, तर ते उंबऱ्याबाहेर तिष्ठत राहते आणि भोगणारा भोगीत राहतो.

येथे आमचाही एक दोष कबूल केला पाहिजे. आम्ही कोणाकडे काही मागितलेच नव्हते. यजमान रात्री दमून येत. त्यांच्यापुढे आम्ही सारे ठीक असल्याचे भासवीत असू, आणि या लपवण्यास आम्ही त्याग समजत होतो. तो पुष्कळ अंशी अभिमान होता. तो मोडला सासूबाईंनी. आपल्या खाटेवरून त्या आम्हांस मोरीच्या उंबऱ्यावर बसलेले रोज पाहत होत्या. एका रविवारी रात्री त्यांनी मुलास जवळ बोलावले आणि वळत नसलेल्या जिभेने म्हटले, "उद्यापासून माझे तू कर. तिला पडू दे." मुलाने आईचे अंग पुसावे, कपडे बदलावे, ही गोष्ट आमच्याकडील जुन्या बायकांस मरणाहून लाजिरवाणी वाटते. पहिल्या दिवशी तोंड भिंतीकडे करून त्या रडल्या. दुसऱ्या दिवशीही रडल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी यजमानांस पाणी फार कढत असल्याबद्दल दटावले. यजमानांनी पंधरा दिवसांची बिनपगारी रजा घेतली. शेजारणीने मुलाची पेज आपल्याकडे घेतली. आणि आम्ही इस्पितळात सलाईन लावून दोन रात्री निजलो. त्या घरात खरे अर्पण कोणी केले असे कोणी विचारले, तर आम्ही त्या वृद्ध स्त्रीकडे बोट दाखवू. ते तिच्याकडे कोणी मागितले नव्हते.

आणखी एक गोष्ट लिहिण्यास संकोच वाटतो, पण अनेक आया ती मनात कोंडून ठेवतात म्हणून लिहितो. त्या दिवसांत कित्येकदा 'हे मूल नसते तर बरे झाले असते' असा विचार मनात येऊन गेला. त्या विचाराचे ओझे उलट्यांहून जड होते. पुढे पापनिवेदनाच्या वेळी आम्ही तो बोलून दाखविला, तेव्हा वृद्ध धर्मगुरूंनी एवढेच विचारले की, त्या विचारानंतर तुम्ही काय केलेत? आम्ही म्हटले, डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतली आणि ती पोटात राहावी म्हणून निश्चल पडून राहिलो. ते म्हणाले, मग तुमच्या इच्छेने मुलाची बाजू घेतली होती. थकलेल्या शरीराने काय म्हटले ते इच्छेच्या खाती मांडू नका. पापास जाणीव व संमती लागते, हे आम्ही लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केले होते. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला.

कोणी म्हणेल की अशा विचाराने सोसण्याची शक्ती उणावेल. आम्हांस तसे वाटत नाही. मदत मिळाल्यावरही सोसावयाचे पुष्कळ उरतेच. आमच्या ओकाऱ्या पुढे दोन महिने चालल्या. जे उरते तेच मनुष्याच्या स्वाधीन असते व तेच त्याने वाहावे. जपमाळेच्या आनंदाच्या रहस्यांत दुसरे रहस्य मरियेने अलिशिबेच्या घेतलेल्या भेटीचे आहे. लूकच्या शुभवर्तमानात लिहिले आहे की स्वतः गर्भवती असलेली मरिया डोंगराळ मुलखात घाईने गेली, आणि म्हातारपणी दिवस गेलेल्या आपल्या नातलग बाईपाशी सुमारे तीन महिने राहिली. आमच्याकडे समाचारास येणारी माणसे सुमारे वीस मिनिटे बसत.

असो. मुलाचा ताप महिन्याने उतरला, आणि माघात आमच्या घरी मुलगी झाली. सासूबाईंनी तिला आपल्या चालत्या हाताने तीन वर्षे थोपटले. आता कोणा गर्भवतीच्या समाचारास जाण्याचा प्रसंग आला की 'अर्पण कर' हे शब्द आमच्याही ओठांवर येतात, कारण तेही आमच्या अंगवळणी पडलेले आहेत. ते आम्ही गिळतो, आणि धुण्याची बादली कोठे ठेवली आहे ते विचारतो.