टेस्टोस्टेरॉननंतरचे शरीर

गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत मुलाची आणि मुलीची बाह्य जननेंद्रिये सारखीच असतात. एकाच उंचवट्यातून पुढे शिश्न घडते किंवा शिश्निका. टेस्टोस्टेरॉनपासून बनणाऱ्या डीएचटी या हार्मोनचा जोर असेल तर शिश्न, नसेल तर शिश्निका. या हार्मोनला प्रतिसाद देण्याची शिश्निकेची क्षमता मोठेपणीही संपत नाही. म्हणून जन्मावेळी मुलगी अशी नोंद झालेला ट्रान्स पुरुष टेस्टोस्टेरॉन घेऊ लागला की शिश्निकेची वाढ सुरू होते.

ही वाढ पहिल्या सहा महिन्यांत जाणवू लागते आणि एक-दोन वर्षांत पूर्ण होते. लांबी बहुधा तीन ते पाच सेंटीमीटरच्या आसपास थांबते, माणसागणिक कमीजास्त. सुरुवातीला तो भाग हुळहुळा होतो, कपडा घासला तरी नकोसे वाटते. सैल सुती कपडे वापरले की बहुतेकांचे भागते. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने बंद केली तर पाळी परत येऊ शकते. वाढलेली शिश्निका मात्र पूर्ववत होत नाही, घोगरा झालेला आवाजही नाही. हे पहिल्या इंजेक्शनच्या आधीच नीट सांगायला हवे. वाढ लवकर व्हावी म्हणून जिममधल्या ओळखीतून औषध मिळवून डोस वाढवणे तर निव्वळ घातक. रक्त दाट होते आणि जादा टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्येच बदलतो.

योनिमार्गाची गोष्ट उलटी आहे. त्याचे अस्तर जाड आणि ओलसर राहते ते इस्ट्रोजेनमुळे. त्या अस्तरातल्या ग्लायकोजेनवर लॅक्टोबॅसिलस जिवाणू जगतात आणि आम्ल तयार करून रोगजंतूंना दूर ठेवतात. टेस्टोस्टेरॉनच्या उपचारात अस्तर पातळ होते, लॅक्टोबॅसिलस घटतात, आम्लता कमी होते. पाळी गेलेल्या बाईला होणारा त्रास मग पंचविशीच्या तरुणाला होतो: कोरडेपणा, आग, संबंधाच्या वेळी दुखणे, थोडे रक्त दिसणे, वरचेवर जंतुसंसर्ग. यावर साधा उपाय आहे. पाण्यात विरघळणारे वंगण, आणि त्याने न भागल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने योनीत लावायचे इस्ट्रोजेनचे क्रीम किंवा गोळी. ‘इस्ट्रोजेन’ म्हटले की अनेक जण दचकतात. पण या औषधाचा फार थोडा अंश रक्तात उतरतो. दाढी-मिशी, आवाज यांना धक्का लागत नाही.

पाळी बहुतेकांची सहा महिन्यांत थांबते. इथेच मोठा गैरसमज होतो. पाळी थांबली म्हणजे बीज सुटणे थांबलेच असे नाही. त्यामुळे दिवस जाऊ शकतात, आणि टेस्टोस्टेरॉन गर्भाला अपायकारक असते. हे औषध गर्भनिरोधक नव्हे. थांबलेली पाळी मध्येच परत सुरू झाली तर डोस चुकला का, गर्भ आहे का, गर्भाशयात काही बिघाड आहे का, हे तपासावे लागते. पुढे स्वतःचे मूल हवे असेल तर उपचाराआधी बीजे गोठवून ठेवता येतात. खर्च मात्र सर्वांना झेपणारा नाही.

गर्भाशयमुख शिल्लक आहे तोवर त्याच्या कॅन्सरची तपासणीही चुकत नाही. पातळ अस्तरामुळे पॅप चाचणीचा नमुना अपुरा येण्याचे प्रमाण जास्त असते आणि तपासणी दुखते, म्हणून माणूस पुन्हा फिरकत नाही. स्वतःच नमुना घेऊन करायची एचपीव्ही (या कॅन्सरला कारणीभूत विषाणू) चाचणी इथे सोयीची. आपल्याकडे एचपीव्हीची लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक 2023 मध्ये बाजारात आली.

श्रीरामपूर तालुक्यातल्या बेलापूरसारख्या गावातून मोठ्या तपासणीसाठी लोणीचे प्रवरा रुग्णालय किंवा अहिल्यानगर गाठता येते. अडचण बसभाड्यापेक्षा केसपेपरच्या खिडकीवर जास्त. दाढी असलेल्या माणसाने स्त्रीरोग विभागाचा कागद मागायचा, मागे गावातलीच ओळखीची माणसे उभी, आणि बाकावर बायकांच्या रांगेत बसायचे. साहजिकच दुखणे अंगावर काढले जाते. 2019 च्या तृतीयपंथीयविषयक कायद्यात, कलम 15 मध्ये, शस्त्रक्रिया आणि हार्मोन उपचारांची सोय सरकारने करावी असे लिहिले गेले. खिडकीवरची ही कुचंबणा त्याने सुटत नाही.

राज्यात या विषयाची उघड चर्चा झाली ती 2018 साली, बीड जिल्ह्यातले पोलीस शिपाई ललित साळवे यांच्यावर मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तेव्हा. पण त्यांच्या तपासणीत वाय गुणसूत्र आढळल्याच्या बातम्या होत्या. तो प्रश्न जन्मजात शरीररचनेचा. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या ट्रान्स पुरुषाच्या शरीराबद्दल त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

शस्त्रक्रिया सर्वांनाच हवी असते असेही नाही. ज्यांना हवी असते त्यांच्यासाठी मेटॉइडिओप्लास्टी हा एक पर्याय: हार्मोनने वाढलेली शिश्निका आजूबाजूच्या बंधांतून मोकळी करून तिचे लहान शिश्न करतात. त्यासाठी आधी किमान वर्षभर टेस्टोस्टेरॉन घेतलेले असावे लागते. मूत्रमार्ग लांबवला तर उभ्याने लघवी करता येऊ शकते, मात्र जोडाशी गळती किंवा अरुंदपणा हे नेहमीचे धोके. गर्भाशय आणि दोन्ही बीजकोश काढले की पाळी आणि गर्भ यांचा प्रश्न मिटतो. पण शरीराचा स्वतःचा हार्मोनचा मुख्य स्रोत जातो आणि टेस्टोस्टेरॉन मध्येच सोडून दिले तर हाडे ठिसूळ होऊ लागतात.