साहस कोणाच्या जिवावर ?

मनुष्यास स्वतःचा जीव धोक्यांत घालण्याचा अधिकार आहे कीं नाहीं, हा प्रश्न आम्ही कॉलेजांत पुष्कळ वर्षें विद्यार्थ्यांपुढें मांडीत आलों आहों, आणि उत्तर देतांना बहुधा मिल्लचाच आधार घेत आलों आहों. स्वातंत्र्यावरील आपल्या १८५९ सालच्या निबंधांत मिल्लनें एका धोक्याच्या पुलाचा दाखला दिला आहे. कोणी अजाणतेपणीं अशा पुलावर पाऊल टाकूं लागला आणि त्यास सांगण्यास अवसर नसला, तर त्याला धरून मागें ओढण्यांत त्याच्या स्वातंत्र्याचा भंग होत नाहीं. कारण नदींत पडण्याची त्याची इच्छाच नसते. परंतु अनर्थाची खात्री नसून केवळ संभव असेल, तर त्यास सावध करावें, आणि पुढें जावयाचें कीं नाहीं तें त्याचें त्यानें ठरवावें. हा दाखला आम्हांस इतका पटलेला होता कीं त्यांत कांहीं उणें असेल, अशी शंकाहि कधीं आली नव्हती. ती आली हेदवीच्या बामणघळीपाशीं.

आम्ही डोंबिवलीचे राहणारे. आमच्या वांट्यास आलेला समुद्र म्हणजे खाडी. चिखल, तिवरांची झाडी आणि भरतीओहोटीबरोबर निमूटपणें चढणारें-उतरणारें मचूळ पाणी. १६५७ सालीं कल्याण-भिवंडी हातीं आल्यानंतर शिवाजीमहाराजांच्या आरमाराची मुहूर्तमेढ याच खाडीच्या कांठीं रोवली गेली, हें आम्ही दुर्गाडीवर उभें राहून पाहुण्यांस मोठ्या अभिमानानें सांगतों. तथापि या पाण्याची कोणास भीति वाटत नाहीं. भीति वाटावी असा समुद्र पाहण्यास दक्षिण कोंकणांतच जावें लागतें. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पुरी झाल्यापासून ठाण्यास गाडींत बसून चिपळूण गांठणें हें कांहीं तासांचें काम झालें आहे. आमच्या भाच्यास डोंगर-दऱ्या तुडविण्याचा नाद. त्याच्या आग्रहास्तव गेल्या मार्गशीर्षांत आम्हीहि निघालों, आणि वेळणेश्वराहून हेदवीस पायींच गेलों. वर जांभ्याचा उघडा सडा, खालीं काळा कातळ, आणि मधून मधून एकाद्या वाडींतील माडांची हिरवी रेघ. पन्नाशी उलटलेल्या गुडघ्यांनीं या वाटेविषयीं काय मत दिलें, तें येथें सांगत नाहीं.

हेदवी सर्वांस ठाऊक आहे ती दशभुज गणपतीमुळें. घळ आहे ती समुद्राकांठीं, उमामहेश्वराच्या देवळाजवळ. कोट्यवधि वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याच्या खडकांत एक अरुंद, खोल चीर पडलेली आहे. समुद्रकांठच्या गुहा होतात त्याच रीतीनें हें कार्य चालतें : लाट भेगेंत शिरते, आंत कोंडलेली हवा दाबली जाते, पाणी ओसरतांच ती सुटते, आणि या दाबण्या-सुटण्यानेंच खडक आंतून खिळखिळा होत जातो. ओहोटीच्या वेळीं जाल तर एक ओली भेग तेवढी पाहून परत याल. भरतीच्या पाण्याचा लोट आंत घुसून कारंजाप्रमाणें आकाशांत उसळतो, तोच खरा देखावा. किनाऱ्यावरील जुनीं माणसें तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सुमारें काढतात. आम्ही गेलों ती पौर्णिमा होती. म्हणजे अकराच्या पुढें पाणी भरणार, आणि तेंहि उधाणाचें. अर्थात् येथें पाहण्याची वेळ आणि भिण्याची वेळ एकच आहे.

खडकावर गांवचा एक वृद्ध खारवी जाळें सांधीत बसला होता. भाचा आम्हांस मामा म्हणतो हें ऐकून, वयानें वडील असूनहि, तोहि आम्हांस मामाच म्हणूं लागला. “मामा, त्या ओल्या खडकाच्या पुढें जाऊं नका. दर्या गप दिसतो, पण एकादी लाट सांगून येत नाय.” म्हणजे मिल्लला हवी होती ती सूचना आम्हांस यथासांग मिळाली होती. आम्हीं मान डोलावली, घटकाभर थांबलों. समुद्र खरोखरच शांत होता. आणि घळीचा तळ दिसतो कीं काय हें पाहण्यासाठीं चार पावलें पुढें गेलों. मग काय झालें तें नीट सांगतां येत नाहीं. प्रथम पायांखालीं घुमल्यासारखा आवाज झाला, मग डोक्यावरून पाणी आलें, आणि आम्ही हातां-गुडघ्यांवर पडलों. खारट पाण्यानें झोंबणारे डोळे उघडून पाहतों, तों तो म्हातारा हात पसरून आमच्या आणि घळीच्या मध्यें उभा होता. आमच्यापेक्षां तो पाण्याच्या अधिक जवळ होता. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडांनीं त्याची अनवाणी टांच कापली होती. आम्हीं पुढें केलेला रुमाल त्यानें घेतला नाहीं. पाय समुद्राच्याच पाण्यांत बुडविला, आणि गुहागरची एस. टी. किती वाजतां मिळते तें सांगितलें.

आमचा मिल्ल डळमळला तो येथें. आम्हीं धोका पत्करला होता, सूचना ऐकूनसवरून पत्करला होता, आणि तो केवळ आमचा स्वतःचा आहे अशी आमची समजूत होती. माणूस डोळ्यांदेखत बुडूं लागला म्हणजे कांठावरचा दुसरा माणूस हिशेब करीत बसत नाहीं, तो धांवतो. त्याचें तें धांवणें आम्हीं आपल्या चार पावलांत न विचारतां गृहीत धरलें होतें. धर्मशास्त्रांत ‘साहस’ हें व्यवहाराच्या, म्हणजे खटल्याच्या, विषयांपैकीं एक आहे : बळजोरीनें केलेला अपराध. आजच्या मराठींत तोच शब्द आपण शाबासकीसाठीं वापरतों. जुना अर्थ अगदींच टाकून द्यावयास नको होता, असें गुडघे चोळतांना वाटून गेलें.

घळीच्या नांवाची एक कथा सांगतात. कोणी एक ब्राह्मण तींत पडला, म्हणून ती बामणघळ. आम्ही ऐकलेल्या कथेंत पडणाराचें नांव घळीस लागलें आहे. त्याला काढावयास कोणी उतरलें होतें काय, याविषयीं कथा कांहींच बोलत नाहीं.

परतीच्या गाडींत हें सर्व भाच्यास सांगितलें, तेव्हां तो गप्प बसला नाहीं. “मग कोणीं घराबाहेर पडूंच नये काय ? तो म्हातारा रोज होडी घेऊन समुद्रांत जातो, त्याचें काय ?” प्रश्न खोटा नाहीं. आम्हीं म्हटलें कीं, त्याचा धोका पोटासाठीं आहे, आणि शिवाय तो परस्परांचा आहे. आज एकाची होडी उलटली तर दुसरा धांवतो, उद्यां दुसऱ्याची उलटली तर पहिला. आम्ही त्याला काढावयास हेदवीस कधीं असणार ? आमचें खातें एकेरीच आहे. त्यावर तो म्हणाला कीं, मग डोंगरांत अडकलेल्या अनोळखी माणसांस सोडविण्यास जे तरुण रात्री-अपरात्रीं धांवतात, त्यांचें तरी खातें कोणाशीं दुहेरी आहे ? ते तर हौसेनें जातात. याला आमच्यापाशीं तयार उत्तर नव्हतें. कठडा घालावा काय, असेंहि आम्हीं विचारलें. कठड्यानें घळीची घळई होईल, आणि आमच्यासारखे लोक तो ओलांडून छायाचित्रें काढतील, असें त्याचें मत पडलें. आणि तें आम्हांसहि खरें वाटतें.

दिवें आलें तरी वाद मिटला नव्हता. पुढच्या उधाणास तो पुन्हां जाणार आहे. आम्हांसहि बरोबर बोलावलें आहे. म्हाताऱ्यास विचारल्यावांचून पाऊल टाकणार नाहीं, असें त्यानें कबूल केलें आहे. विचारलें तर आम्हींहि होतें. आम्हीं त्यास अजून होकार दिलेला नाहीं, आणि नकारहि दिलेला नाहीं.