अंतराळातली वर्दी शिवतं कोण?

अमेरिकेचं अंतराळ दल 20 डिसेंबर 2019 रोजी स्थापन झालं आणि महिन्याभरातच त्याची जगभर टर उडाली, ती गणवेशावरून. नावाची पट्टी शिवलेल्या सदऱ्याचं छायाचित्र दलाने जानेवारी 2020 मध्ये प्रसिद्ध केलं. सदरा झाडाझुडपांत दडण्यासाठी बनवलेल्या हिरव्या-तपकिरी कापडाचा. अंतराळात झाडं कुठली, असं लोक विचारू लागले. दलाचं उत्तर सरळ होतं : भूदल आणि हवाई दल वापरतात तोच गणवेश घेतला की नवा बनवण्याचा खर्च वाचतो, शिवाय आमची माणसं जमिनीवर, त्याच दलांतल्या सहकाऱ्यांबरोबर काम करतात.

एखाद्या गेमच्या चित्रकाराने हाच सदरा काढला असता, तर ‘वास्तवाला धरून नाही’ म्हणून तो पहिल्याच बैठकीत बाद झाला असता. मला इथेच खरी मेख दिसते. भविष्यातलं सैन्य खरं वाटावं म्हणून गेममध्ये खिसे, पट्टे आणि चिलखताचे तुकडे वाढवले जातात. पण गणवेश खरा होतो तो त्याच्यामागे एखादं खातं उभं असलं की. कुणीतरी नमुना मंजूर केलेला असतो, कुणीतरी पैशाची काटकसर केलेली असते, कोणी काय घालावं याचा नियम झालेला असतो आणि जुना साठा अजून गोदामात पडलेला असतो.

पडद्यावर हे भान आणणारा माणूस म्हणजे जॉन मोलो. लष्करी गणवेशांच्या इतिहासाचा हा ब्रिटिश अभ्यासक. ‘स्टार वॉर्स’च्या (1977) वेशभूषेसाठी त्याला ऑस्कर मिळालं. पुढे ‘गांधी’साठी दुसरं मिळालं, ते आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांच्यासोबत. मोलोने साम्राज्याच्या अधिकाऱ्यांना दिलेले करडे, गळाबंद अंगरखे पाहताच त्या राज्याची शिस्त आणि जुलूम दोन्ही कळतात. तरीही छातीवरच्या रंगीत चौकटी आणि हुद्दे यांचा मेळ ‘स्टार वॉर्स’च्या मूळ तीन चित्रपटांत नीट लागत नाही. चित्रपटात ते खपून जातं. गेममध्ये खेळाडू त्याच अधिकाऱ्यासमोर हवा तितका वेळ उभा राहू शकतो, त्याच्याभोवती फिरू शकतो, म्हणून तिथे चूक लपत नाही.

‘हेलो 4’ (2012) या गेममध्ये नायक मास्टर चीफ चार वर्षांहून अधिक काळ शीतनिद्रेत काढून उठतो, तेव्हा त्याच्या अंगावरचं चिलखत बदललेलं असतं. त्याच्या सोबतच्या कॉर्टाना या कृत्रिम बुद्धिमत्तेने ते सूक्ष्मयंत्रांच्या साहाय्याने सुधारलं, असा खुलासा दिला गेला. मला तो पटत नाही. चित्रकारांचा संच बदलला म्हणून चिलखत बदललं आणि कारण मागाहून जोडलं, हे उघड दिसतं. ‘मास इफेक्ट 2’ मध्ये (2010) तर जॅकसारखी पात्रं जीवघेण्या वातावरणात उघड्या दंडांनी, फक्त तोंडावर श्वसनयंत्र लावून वावरतात. त्याच गेममधल्या टालीचा पोशाख मात्र अव्वल आहे. तिच्या जमातीची रोगप्रतिकारशक्ती क्षीण, म्हणून सगळं आयुष्य बंद पोशाखात. त्या एका कारणातून कापड, मुखवटा, लाज आणि जवळीक सगळं उगवतं.

गेमची स्वतःचीही एक निकड असते, ती नाकारून चालणार नाही : क्षणार्धात शत्रू ओळखू आला पाहिजे. ‘किलझोन’मधल्या (2004) हेलगास्ट सैनिकांचे चमकते नारिंगी डोळे त्यासाठीच आहेत. पण मुखवटा त्यांच्या ग्रहाच्या विषारी हवेतून आला आहे, आणि खेळाडूची सोय कथेच्या कारणावर अशी बेमालूम बसली की तक्रारीला जागा उरत नाही.

सुसंगती म्हणजे सगळे एकसारखे, हा समजही सोडायला हवा. भारतीय सैन्यात कर्नलपर्यंतचे अधिकारी आपापल्या रेजिमेंटच्या खुणा मिरवतात. 1 ऑगस्ट 2023 पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या सर्वांची टोपी, खांद्यावरची पदचिन्हं, पट्टा आणि बूट एकसारखे झाले. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा कर्नल ब्रिगेडियर झाला की पलटणीच्या खास खुणा उतरतात, कारण आता त्याच्या हाताखाली अनेक पलटणी येतात. कर्नल आणि ब्रिगेडियर यांना शेजारी उभं केलं तर फरक दिसेल, आणि त्या फरकामागे नियम असेल. विज्ञानकथेच्या किती गेममध्ये पदोन्नतीने माणसाच्या अंगावरून काही काढून घेतलेलं दिसतं? तिथे बढती म्हणजे नेहमी आणखी सोनं, आणखी झालर.

4 डिसेंबर 2023 रोजी सिंधुदुर्गात नौदल दिन साजरा झाला. नौदल अधिकाऱ्यांच्या खांद्यांवर शिवाजी महाराजांच्या वारशाची खूण येईल, अशी घोषणा तिथे झाली आणि त्याच महिन्यात अ‍ॅडमिरलच्या पदचिन्हांवर राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. उद्या पुण्यातल्या कुणी 2400 सालच्या भारतीय अंतराळ नौदलावर गेम बनवला आणि त्यातून तो अष्टकोन गाळला, तर त्याने आधी काही गोष्टी ठरवाव्यात : तो काढण्याचा आदेश कोणत्या साली निघाला, कुणाला तो खटकला, आणि दूरच्या तळांवर नवी पदचिन्हं पोहोचेपर्यंत तिथले अधिकारी काय लावून हिंडत होते.