एकेचाळीस पुस्तकांचा हिशेब

आमच्या सोसायटीत एक वाचक मंडळ आहे. मंडळ म्हणजे एक कपाट, एक वही आणि अकरा माणसे. कपाटाची किल्ली एकाकडेच असते आणि तो गावाला गेला की मराठी साहित्य महिनाभर कुलूपबंद. वही मात्र उघडी. वर्षभरात कोणकोणती पुस्तके वाचली ते प्रत्येकाने तीत लिहायचे आणि डिसेंबरअखेर ज्याची यादी सर्वांत लांब त्याला शाल व नारळ. शाल दरवर्षी तीच असते. जिंकणारा ती थंडीभर वापरतो आणि धुऊन परत करतो. नारळ तेवढा नवा.

गेल्या वर्षी माझ्या नावावर ४१ पुस्तके झाली. दुसरा क्रमांक आमच्या समोरच्या बिल्डिंगमधल्या निवृत्त हेडमास्तरांचा, २६. मी मनातल्या मनात शाल पांघरून बसलो होतो. तेवढ्यात हेडमास्तरांनी वही मागवली, चष्मा कपाळावर चढवला, वही नाकाशी नेली आणि सगळ्या मंडळासमोर विचारले, "यातली वाचलेली किती?"

"म्हणजे काय सर? सगळीच."

"डोळ्यांनी वाचलेली किती?"

आता खोटे बोलणे शक्य नव्हते, कारण आमची ही शेजारीच बसली होती. हिशेब असा निघाला: डोळ्यांनी वाचलेली १७, कानांनी ऐकलेली १४, कॉमिक्स ९, आणि एक चक्क कॉम्प्युटरवरचा खेळ. हेडमास्तरांनी तिथल्या तिथे मला सतरावर आणून ठेवले. शाल समोरच्या बिल्डिंगमध्ये गेली.

शालीचे दुःख नाही. (आहे, पण ते थंडीपुरते.) प्रश्न मात्र डोक्यात घर करून बसला. पुस्तक ऐकले तर ते वाचले की नाही?

माझे ऐकणे सुरू झाले ते सकाळच्या फिरण्यापासून. मुलाने फोनवर काहीतरी करून दिले, कानात बोंडे खुपसली, आणि एक भारदस्त आवाज मला टेकडीवर घेऊन जाऊ लागला. मग सवयच लागली. पानिपतावरची एक लांबलचक कादंबरी मी स्वयंपाकघरात ऐकली. ही बाहेरगावी गेली होती आणि कुकर माझ्याकडे होता. तिसऱ्या शिट्टीला विश्वासराव पडले. मी ओट्याला धरून उभा राहिलो. चौथी, पाचवी, सहावी शिट्टी झाली तरी गॅस बंद करायचे भान राहिले नाही. डाळ तळाला लागली. तेव्हापासून करपलेल्या डाळीचा वास आला की मला १४ जानेवारी १७६१ आठवतो. डोळ्यांनी वाचलेल्या सतरांपैकी एकाही पुस्तकाने माझी अशी डाळ करपवलेली नाही.

पण हेडमास्तरांची बाजूही अगदीच लंगडी नव्हती. ऐकण्यात मी लबाड्या केल्या आहेत. फोनवर वेग वाढवायची सोय असते. वर्षाअखेरी आकडा वाढवायच्या नादात मी शेवटची चार पुस्तके दीडपट वेगाने ऐकली. त्यात साक्षात सदाशिवरावभाऊ बोलायला लागले तरी लिलाव पुकारल्यासारखे वाटे. रात्री ऐकता ऐकता झोप लागे आणि जाग येई तेव्हा नायकाचे लग्न होऊन त्याला दोन मुले झालेली असत. मागे जाऊन ऐकायला हवे होते. मी नाही गेलो. त्या मुलांची आई कोण हे मला आजतागायत माहीत नाही, पण वहीत मी ते पुस्तक "वाचले" म्हणून लिहिले आहे.

यावर मी एक बचाव तयार केला. डोळ्यांनी वाचतानाही आपण हेच करतो की! निसर्गवर्णन आले की डोळे कसे लोकल गाडीसारखे मधली स्टेशने गाळून पुढे जातात! फरक एवढाच की, गाळताना बोटाखाली पान असते, म्हणून लबाडी आपली आपल्याला कळते. कानाची लबाडी झोपेत होते.

परंपरा तर सरळसरळ माझ्या बाजूने आहे. नवविधा भक्तीत पहिला नंबर श्रवणाचा. वाचनभक्ती नावाची भक्ती त्या नवांत नाहीच. परीक्षिताने सात दिवस बसून शुकाकडून भागवत ऐकले. त्याला कोणी विचारले नाही की, राजा, पण तू स्वतः वाचलेस किती? ज्ञानेश्वरी सच्चिदानंदबाबांनी उतरून घेतली. सांगणारा सांगतोय आणि समोर श्रोते बसलेत, असाच तिचा सगळा थाट. उलट, तोंडाने आवाज न काढता वाचणे हेच एकेकाळी नवलाचे होते. चौथ्या शतकात मिलानचे बिशप अँब्रोझ ओठ न हलवता वाचतात हे पाहून ऑगस्टीनला इतके आश्चर्य वाटले की, त्याने ते आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेवले.

हे सगळे मी पुढच्या बैठकीत बोललो. हेडमास्तर म्हणाले, "परीक्षिताला सातव्या दिवशी साप चावणार होता. तुम्हाला काय घाई होती?"

मग मला आज्जी आठवली.

आज्जीला अक्षरओळख नव्हती. दुपारी जेवणे झाली की तिला पोथी वाचून दाखवायचे काम माझ्याकडे असे. श्रीधरस्वामींचा पांडवप्रताप, चौसष्ट अध्याय. मी नऊ-दहा वर्षांचा. माझा जीव पांडवांत नव्हता, वेताळात होता. १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सने आमच्या पिढीला मुखवटा घातलेला, कवटीच्या गुहेत राहणारा एक देव दिला होता. ठोसा मारला की गुन्हेगाराच्या जबड्यावर कवटीचा शिक्का उमटे. शेजारच्या मुलाने एका दुपारपुरता आणून दिलेला अंक पाटाखाली ठेवलेला, आणि वर पोथीची सुटी पाने! मी हळूच दोन-दोन पाने उलटू लागलो. आज्जी वाती वळत होती. डोळे मिटलेले. मला वाटले, झोपली. एवढ्यात ती म्हणाली, "अरे मेल्या, दुःशासनाला कुठं घालवलास?"

"पानं चिकटली होती, आज्जी."

"मग सोडव. ती पोर सभेत उभी आहे, तिला तशीच टाकून पुढं जाऊ नकोस."

१९७१ साली जनगणनेचा माणूस आमच्या ओटीवर बसला. त्याने आज्जीपुढे निरक्षर लिहिले आणि माझ्यापुढे साक्षर. मला तेव्हा मोठा अभिमान वाटला होता. आता वाटते, पांडवप्रताप नक्की वाचला कोणी? ज्याचे ओठ हलत होते त्याने, की जिच्या डोक्यात एकेक पान जागच्या जागी होते तिने?

कॉमिक्सबद्दल मी फार बोलणार नाही. आर्ट स्पीगेलमनच्या 'माउस'ला १९९२ साली खास पुलित्झर मिळाले. त्यात ज्यू उंदीर आहेत, नाझी मांजरे आहेत, आणि छळछावणीतून वाचलेला बाप ही सगळी कथा मुलाला सांगतो आहे. ती चित्रे झरझर उलटता येत नाहीत. मी ते पुस्तक हेडमास्तरांना वाचायला दिले आणि म्हटले, "बघा, हे वाचन नाही म्हणता येतं का." ते तीन आठवडे परत आले नाही.

खेळाचे मात्र सांगायलाच हवे, कारण त्यावरच मंडळ सगळ्यात जास्त हसले होते. नातवाने सुट्टीत कॉम्प्युटरवर 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' नावाचा खेळ घालून दिला. लुकास पोप या माणसाने तो जवळजवळ एकट्याने केला आणि २०१८ साली आणला. १८०७ साल. ईस्ट इंडिया कंपनीचे हरवलेले जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याला परत लागले आहे आणि त्यावर जिवंत कोणी नाही. तुम्ही कोण? कंपनीचे विमा तपासनीस! आता मी चौतीस वर्षे विम्याच्या ऑफिसात क्लेमच्या फायली चाळल्या आहेत. मला खुर्चीवरून उठवणे अशक्य झाले. एक घड्याळ असते, ते मेलेल्या माणसाचा शेवटचा क्षण दाखवते. आधी अंधारात थोडे बोलणे ऐकू येते, मग सगळे जागच्या जागी गोठलेले चित्र, काळेपांढरे. साठ माणसांपैकी प्रत्येकाचे नाव आणि गत शोधून जाडजूड वहीत भरायची. अंदाजपंचे भरून भागत नाही. तीन जणांचे बरोबर आले की मगच वही कबूल करते. त्यात हिंदी खलाशीही आहेत. ते आजारी पडून कोपऱ्यात मरतात, त्यांची नावे कोणी मोठ्याने घेत नाही. झोळ्यांवरचे क्रमांक यादीशी ताडून पाहावे तेव्हा कुठे माणूस सापडतो. नातू म्हणाला, "आजोबा, सगळी उत्तरं इंटरनेटवर आहेत." मी नको म्हटले. साठावे नाव भरले तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. झोपेत नायकाचे लग्न लावणारा मी, इथे एकही माणूस गाळला नव्हता. म्हणून तो खेळ वहीत लिहिला. आजही लिहीन.

तर 'माउस' परत आणायला मी समोरच्या बिल्डिंगमध्ये गेलो. हेडमास्तर खिडकीशी बसले होते, मांडीवर पुस्तक, हातात भिंग. खूण अकराव्या पानावर. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "अक्षर फार बारीक आहे हो." मग थोड्या वेळाने, "सगळंच बारीक झालंय. डॉक्टर म्हणतात, पडदा गेला, आता याहून बरं होणार नाही. दोन वर्षं झाली."

माझ्या डोळ्यांसमोर त्यांची यादी आली. २६ पुस्तके. त्यांत १९८० नंतर छापलेले एकही नव्हते, हे मला त्या क्षणी उमगले.

"वाचलेलीच आहेत सगळी," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "खोटं नाही लिहिलं. फक्त या वर्षी नाही वाचली." आणि खुंटीवरच्या शालीकडे बोट करून म्हणाले, "ती घेऊन जा."

मला एकदम काही सुचेना. डोळ्यांनी वाचले तेच वाचन, हा नियम माणूस दुसऱ्याची शाल काढून घेण्यासाठीच करतो असे नाही, एवढे मात्र कळले. शाल मी नेली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आणि एक छोटा स्पीकर घेऊन गेलो. कानात बोंडे घालायला त्यांनी साफ नकार दिला, ते म्हणे बहिऱ्यांसाठी असते. पानिपतापासून सुरुवात केली, साध्या वेगाने. पहिल्या दिवशी निवेदकाचे दोन उच्चार चुकीचे निघाले. तिसऱ्या दिवशी मी चहा आणायला आत गेलो तर ओरडले, "ते आधी थांबवा, मग जा." आता हे रोजचे झाले आहे. मला डुलकी लागली तर ते काठीने पाय हलवतात.

या महिन्यात वहीचे नवे पान उघडले. त्यांना ओळी दिसत नाहीत म्हणून लिहायचे काम माझ्याकडे आले. पानिपत संपले होते. मी त्यांचे नाव लिहिले, पुस्तकाचे नाव लिहिले आणि पेन उचलून विचारले, "सर, पुढे काय लिहू? वाचले की ऐकले?"

"ते राहू द्या," हेडमास्तर म्हणाले. "नवं पुस्तक कुठलं आणलंय? ते लावा आधी."