व्रण कोठे असावा?

जीव वाचला, मग व्रण कोठे राहिला याची चिंता कशाला? स्तनाच्या कर्करोगाविषयी शहाणी माणसेही असे विचारतात. अमेरिकेतील हॉलस्टेड यांनी १८९४ साली प्रसिद्ध केलेल्या शस्त्रक्रियेत सबंध स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेतील गाठीही काढीत. मिलानच्या व्हेरोनेसी यांनी १९७३ पासून ७०१ स्त्रियांवर ही रीत आणि नवी रीत ताडून पाहिली. लहान गाठीभोवतीचा स्तनाचा चतुर्थांश काढून किरणोपचार दिलेल्या स्त्रियाही तितक्याच जगल्या, असे २००२ साली प्रसिद्ध झाले.

स्तन राहिला, की प्रश्न येतो छेदाचा. गाठीच्या थेट वर छेद घेतला तर वाट जवळची, पण व्रण डोळ्यांपुढे. स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेने घेतला तर तो रंगाच्या सीमेत लपतो. स्तनाखालच्या घडीत घेतला तर सावलीत. मात्र तेथून दूरची गाठ गाठणे अवघड, आणि रोग मागे राहता कामा नये, ही पहिली अट. ती पाळून दोन्ही वाटा खुल्या असतील, तर लपणारा व्रण मागणे हा नखरा नव्हे. रोज स्नानाच्या वेळी आजार न आठवणे, हेही बरे होणेच आहे. म्हणून सुरी उचलण्यापूर्वी वैद्याने तिलाच विचारावे.