उसना आवाज

करमाडला रेकॉर्डिंग करायचं तर पहाटे साडेचारलाच उठावं लागतं. त्या वेळी जालना रोडवरचे ट्रक जरा विरळ असतात. रेल्वेचं मात्र सांगता येत नाही; गाडी धडधडत गेली की ते पान पहिल्यापासून वाचायचं. डोक्यावरून गोधडी घेतली की खोली घुमत नाही. असा बसून मी मोबाइलवर ल. रा. पांगारकरांचं एकनाथ-चरित्र वाचतो आहे. अंध श्रोत्यांसाठी, हौसेनं. पांगारकर १९४१ साली गेले. लेखकामागे ६० वर्षांनी पुस्तक सगळ्यांचं होतं, म्हणून परवानगीचा प्रश्न नव्हता.

प्रश्न माझा होता. मी निवृत्त विज्ञानशिक्षक. साक्षात श्रीकृष्णानं श्रीखंड्या होऊन नाथांच्या घरी १२ वर्षं पाणी भरलं, हे मला पटत नाही. मग ते आवाज लावून वाचणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे का?

पहिले भाग एका जुन्या विद्यार्थ्याला ऐकवले. त्याला दिसत नाही. म्हणाला, "सर, श्रीखंड्या आला की लई घाई करता तुम्ही. गाढवाचं कसं सावकाश वाचलं!"

पुन्हा ऐकलं. खरंच होतं. रामेश्वरला न्यायचं गंगाजल नाथ तहानलेल्या गाढवाला पाजतात, तिथे माझा आवाज भरून आलेला. चमत्कार आला की एसटीचं वेळापत्रक वाचावं तसा कोरडा. शब्द एकही बदलला नव्हता, तरी मजकुरात माझी भर पडलीच होती.

नाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागली आहे, ती काढ, असं ज्ञानदेवांनी स्वप्नात सांगितल्याची कथा आहे. तीही मला पटत नाही. पण दुसऱ्याच्या गळ्याला आपली मुळी कशी लागते, ते आता कळलं. भागवताच्या एकाच स्कंधावर १८ हजारांहून जास्त ओव्या रचणारा हा माणूस. तरी ज्ञानेश्वरीत त्यांनी आपलं काही घातलं नाही, आणि पुढच्यांनीही घालू नये म्हणून बजावलं.

वाचणारा पाणक्या असतो. रांजणापर्यंत पाणी सांडू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. कुणाला किती तहान आहे, हे त्यानं ठरवू नये. विश्वास ठेवायचा की नाही, हा ऐकणाऱ्याचा हक्क. माझ्या घाईनं तोच मी मारत होतो.

श्रीखंड्याचं प्रकरण परत वाचलं. आधी ११ मिनिटांत उरकलं होतं. या वेळी १४ लागली.