आम्ही जॉर्जची माणसं

जॉर्ज फर्नांडिस २९ जानेवारी २०१९ला गेले. आजही त्यांच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की माझ्या तोंडून आधी बचाव निघतो. मे १९७४चा रेल्वे संप, आणीबाणीतलं बेड्या घातलेले हात उंचावलेलं ते छायाचित्र, तुरुंगातून जिंकलेली मुजफ्फरपूरची निवडणूक. यातलं काहीच खोटं नाही. पण हा बचाव मी कुणाचा करतो, त्यांचा की माझा?

१९९८ मध्ये ते वाजपेयींच्या भाजप आघाडीच्या सरकारात संरक्षणमंत्री झाले तेव्हा आम्हा समाजवाद्यांमध्ये जुनी मैत्री तुटेपर्यंत भांडणं झाली. मी जॉर्जच्या बाजूने होतो. लोहियांचा बिगरकाँग्रेसवाद माझाही होता. १९६७ला दक्षिण मुंबईत त्यांनी काँग्रेसच्या स. का. पाटलांना पाडलं, त्या रात्रीचा जल्लोष अजून अंगात आहे. १९७७ला जनता पक्षात भाजपचा पूर्वावतार जनसंघ आला, तेव्हा काँग्रेस हटली यातच मला सगळं मिळालं होतं. मग जनता पक्षात राहून राष्ट्रीय स्वयंसेवक संघातही राहता येईल का, हा दुहेरी सदस्यत्वाचा प्रश्न समाजवादी मधु लिमयांनी लावून धरला. तो मला पटत होता आणि त्यापायी सरकार पडेल म्हणून नकोही वाटत होता. म्हणजे १९९८ची वाट जॉर्जनी एकट्याने धरली नाही. तिच्यावर मी बराच आधीपासून चालत होतो.

आणि सत्तेतली तडजोड मला मुळात पाप वाटत नाही. १९८९ला व्ही. पी. सिंगांचं सरकार डावे आणि भाजप अशा दोघांच्या बाहेरून पाठिंब्यावर उभं होतं. त्याच सरकारात जॉर्ज रेल्वेमंत्री आणि मधु दंडवते अर्थमंत्री होते, म्हणून कोकण रेल्वे कागदावरून हलली. सोवळं सांभाळत ते बाहेर बसले असते, तर कोकणी माणूस आणखी किती वर्षं एसटीतच हाडं खिळखिळी करून घेत राहिला असता! १९९८लाही राममंदिर, ३७० कलम, समान नागरी कायदा हे विषय आघाडीच्या कार्यक्रमाबाहेर ठेवले गेले. जॉर्ज या राष्ट्रीय लोकशाही आघाडीचे निमंत्रक होते. आत आपला माणूस आहे, तो लगाम धरेल, असं मी मानलं आणि ते मानायला कारण होतं.

मग २००२ आलं. गुजरातमध्ये मुस्लिमविरोधी दंगल पेटल्यावर जॉर्ज स्वतः अहमदाबादला गेले होते, हे मी विसरलेलो नाही. पण एप्रिलअखेर लोकसभेत ते उभे राहिले आणि बायकांवरचे असे अत्याचार या देशात पहिल्यांदाच होत नाहीत, अशा अर्थाचं बोलले. १९८४च्या शीखविरोधी हिंसाचाराचा दाखलाही दिला. त्याच सुमारास रामविलास पासवान मंत्रिमंडळातून बाहेर पडले. जॉर्ज राहिले. सरकार टिकवणं ही तडजोड मी समजू शकतो. हे बोलणं मात्र तडजोडीत बसत नाही. आघाडीच्या कुठल्याच कार्यक्रमाने ते त्यांच्याकडून मागितलं नव्हतं.

मी मनाशी बेरीज-वजाबाकी करू पाहतो. इतके संप, इतके तुरुंग, ती रेल्वे, आणि त्यातून हे एक भाषण वजा. जॉर्जच्या बाजूला पुष्कळ उरतं. पण जिच्या घरातली माणसं त्या दंगलीत मारली गेली, तिने ही वजाबाकी का मान्य करावी? तिला ना संप मिळाला, ना रेल्वे. तिच्यापुढे मी कोणत्या तोंडाने १९७४चं नाव घेऊ?

जॉर्ज मला सोडवत नाहीत आणि सोडायचेही नाहीत. फक्त त्या भाषणाबद्दल कुणी विचारलं तर उत्तरात रेल्वे संप सांगायचा नाही, एवढं मी स्वतःला बजावलं आहे. दर वेळी पाळलं जातंच असं नाही.